ठेका आपला आणि ठेका परका

गेल्या पंधरवड्यांत आमच्या घरीं एक प्रश्न उपस्थित झाला, व घरांतील वडील माणूस म्हणून त्याचा निवाडा आम्हांकडे आला. आमच्या पुतण्याचा मुलगा आठ वर्षें तबला शिकत आहे. हात चांगला, लय पक्की. त्यानें एके दिवशीं जाहीर केलें कीं, आतां तबला पुरे. लोकांस यंत्रावरचें, नाचाचें संगीत हवें, तेंच आपण करणार. पुतण्या संतापला, सूनबाई गप्प झाल्या. मुलगा आम्हांस म्हणाला, “आजोबा, बीटल्सचा रिंगो स्टारसुद्धां डिस्कोकडे वळला होता!” कोणी दाखला दिला कीं तो तपासून पाहावा, ही आमची मास्तरकीची जुनी खोड. म्हणून ती ध्वनिमुद्रिका आम्हीं त्याच्याच शेजारीं बसून अथपासून इतिपर्यंत ऐकली, व त्या गृहस्थाचा वृत्तान्तही समजून घेतला.

रिचर्ड स्टार्की हें त्याचें मूळ नांव. जन्म १९४० सालीं लिव्हरपूल येथें. बाळपण दुखण्यांत गेलें. तेराव्या वर्षीं क्षयानें त्यास दीर्घकाळ रुग्णालयांत राहावें लागलें, आणि तेथेंच वाद्यवादनाची त्यास खरी गोडी लागली. तो मूळचा डावखुरा. परंतु वाजवावयाचा तो उजव्या हाताच्या माणसासाठीं मांडलेल्या ड्रमवर. त्यामुळें गाण्याच्या दोन ओळींमधील मोकळी जागा तो इतरांहून निराळ्या रीतीनें भरी. १९६२ सालीं तो बीटल्स मंडळींत आला. एकट्याचें वादन मिरविण्याचा त्यास तिटकारा असे. त्या मंडळींच्या ध्वनिमुद्रिकांत त्याचें एकल ड्रमवादन असें एकच, तेंही १९६९ च्या ‘ॲबी रोड’मध्यें, व अगदीं थोडक्या वेळाचें. आपल्याकडील जाणता साथीदार जसा गवयास सांभाळतो, पुढें पुढें करीत नाहीं, तसा त्याचा धर्म होता.

१९७० सालीं मंडळी फुटली. पुढें १९७३ मधील ‘रिंगो’ या त्याच्या ध्वनिमुद्रिकेस तिन्ही जुन्या सोबत्यांनीं गाणीं दिलीं, आणि ती अमेरिकेच्या विक्रीच्या यादींत दुसऱ्या क्रमांकास पोंचली. त्यानंतर मात्र ओहोटी लागली. तेव्हां १९७७ सालीं त्यानें काळाची चाल ओळखून ‘रिंगो दि फोर्थ’ ही ध्वनिमुद्रिका काढली. नांव ‘चौथा’, गणतीनें ती सहावी! निर्मिति आरिफ मार्डिन यांची. दोन वर्षांपूर्वीं बी जीज मंडळींस नव्या नृत्यसंगीताच्या वाटेवर आणणारे तेच. कसलेले वादक, मागें गाणारांचा मोठा ताफा, त्यांत बेट मिडलरसारखी नामांकित गायिका. साहित्यांत कांहीं उणें नव्हतें. जुन्या तिघांपैकीं मात्र एकाचेंही गाणें यांत नाहीं.

फळ काय मिळालें? अमेरिकेंत १६२ वा क्रमांक. इंग्लंडच्या यादींत तर नांवच नाहीं. पुढची ध्वनिमुद्रिका त्यास अमेरिकेंत दुसऱ्या कंपनीकडून काढावी लागली. लाट ओसरल्यामुळें नौका बुडाली, असेंही म्हणतां येत नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ हा चित्रपट निघाला आणि डिस्कोनें जग व्यापलें. लाट चढतीच होती.

आमच्या मतें कारण ठेक्यांतच आहे. डिस्कोचा मोठा ढोल एका मापाच्या चार मात्रांवर सारखा पडतो, जसें घड्याळ. नाचणारास तो सोयीचा. पण ज्याचें सारें मोल किंचित् मागें रेंगाळणाऱ्या, अनपेक्षित जागीं पडणाऱ्या हातांत, त्याच्या हाताला तेथें काम उरत नाहीं. त्यांतून या ध्वनिमुद्रिकेवर स्टीव्ह गॅड हा दुसरा निष्णात ड्रमवादकही होता. मग रिंगोचें म्हणून उरलें काय? साधासुधा गळा, आणि तो तेवढ्या थाटामाटांत हरवून गेला. आम्ही ऐकत असतां नातूच मध्येंच म्हणाला, “आजोबा, यांत तो कुठें आहे?”

हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत ‘काळाप्रमाणें शिकवा’ असा आग्रह झाला, तेव्हां आम्हींही संस्कृताचीं शब्दरूपें सिनेमाच्या चालींवर म्हणवून घेतलीं. मुलें दोन दिवस हंसलीं. तिसऱ्या दिवशीं एक मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, तुम्हांला ती चाल येत नाहीं. नेहमींचंच शिकवा ना.” तें वाक्य आम्हांस अद्याप बोंचतें, आणि उपकाराचेंही वाटतें.

रिंगोची कथा मात्र तेथें संपली नाहीं. पुढें मद्याच्या पाशांत तो खोल रुतला. १९८८ सालीं पत्नीसह उपचार घेऊन त्यांतून सुटला, आणि दुसऱ्याच वर्षीं सोबती जमवून पुन्हां रंगमंचावर उभा राहिला. अमेरिकेच्या ग्रामीण धाटणीच्या, ज्यास ‘कंट्री’ म्हणतात त्या गाण्यांची त्यास तरुणपणापासून ओढ. १९७० सालीं त्यानें तशी एक ध्वनिमुद्रिका केली होती. २०२५ सालीं, ८४ व्या वर्षीं, ‘लुक अप’ ही आणखी एक केली, व ती रसिकांनीं आनंदानें स्वीकारली. तें कांहीं नवीन नव्हे. पण तें त्याचें स्वतःचें होतें.

निवाडा आम्हीं दिला तो असा : नवें करण्यास घरांतून कोणी अडवूं नये, व नुकसान झालें तर कोणी टोंचून बोलूं नये. पडणें हें पाप नव्हे. मुलास एवढेंच सांगितलें कीं, “यंत्र घे, नाचाचें संगीत कर, परंतु आठ वर्षांचा हात घरीं ठेवून जाऊं नकोस, तो यंत्रांतही वाजूं दे. ऐकणारानें ‘यांत हा कुठें आहे?’ असें विचारूं नये, इतकें संभाळ.” पुतण्यास हा निवाडा पसंत पडला नाहीं. मुलानें अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. तबला मात्र अजून बैठकींतच आहे.