मुके कोण?

जुन्या लॅपटॉपचा आवाज गेला की तो भंगारात काढावा, असा एक नवा धर्म आपल्याकडे निघाला आहे. त्या धर्माविरुद्ध मला चार शब्द बोलावयाचे आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, यंत्रशास्त्र जाणत नाही. म्हणूनच बोलतो.

माझ्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगी आहे. शाळेच्या २०१२ सालच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्यातला ऑर्का पडद्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवतो. त्याची मराठी काही रसाळ नव्हे, पण तिचे त्यावाचून अडते. सहामाही परीक्षेच्या तोंडावर तो मुका झाला. दुकानदाराने झाकणसुद्धा न उघडता सांगितले, "मास्तर, नवा घ्या!"

दोन संध्याकाळी मी त्याच्यापुढे ठाण मांडले. यादी मागितली तेव्हा कळले, आत साउंड कार्डे दोन. पहिले एचडीएमआयचे, म्हणजे टीव्हीकडे जाणारे, दुसरे स्पीकरचे. आवाज निघत होता, पण नसलेल्या टीव्हीकडे! दुसरे कार्ड निवडले. तरी शांतता. मग 'अल्सामिक्सर' उघडून एफ-६ने तेच कार्ड घेतले, तर स्पीकरच्या खांबाखाली दोन 'एम'. म्हणजे तोंड बांधलेले. 'एम'ची कळ एकदा दाबली आणि यंत्र बोलू लागले. मायक्रोफोनचेही तसेच: एफ-४ दाबून 'कॅप्चर'वर स्पेसबार. मोबाइलचा हेडफोन मात्र तिथे ऐकेना; त्याची पिन चार पट्ट्यांची आणि जुन्या लॅपटॉपला माइकचे भोक वेगळे. एक जोडणी आणली, भागले.

दुकानदाराचे झाले, आता लिनक्सच्या भक्तांनाही सोडत नाही. तळाशी अल्सा, त्यावर २००४ साली पल्सऑडिओ आला, २०२१ साली फेडोराने त्याच्या जागी पाइपवायर बसवले. वरच्याने शंभर टक्के आवाज दाखवायचा आणि खालच्याने तोंड बांधून ठेवायचे, हा कारभार कचेरीत शोभतो! विचारावे तर उत्तर एकच: पुन्हा नव्याने बसवा. वैद्याने रोग्याला दुसरा देह घ्यावयास सांगावे तसे हे झाले. फुकट दिले म्हणून बोलू नये, असेही सुनावतात. का बोलू नये? फुकटच्या पाणपोईचा नळ कुठे आहे, हे सांगायला नको?

आणि सगळ्यांत मोठा अन्याय कोणाच्या ध्यानातच येत नाही. ते दोन 'एम' डोळ्यांनी पाहावे लागतात. जिचा सारा संगणक कानांत आहे, तिचा आवाज गेला तर तो परत आणण्याची किल्ली नेमकी तिला न दिसणाऱ्या पडद्यावर टांगलेली!

म्हणून मी तिला एक ओळ पाठ करून घेतली. कंट्रोल, ऑल्ट, टी. मग 'एमिक्सर', कार्ड एक (मोजणी शून्यापासून), स्पीकर मोकळा. ती पाढ्यासारखी म्हणते. परवा मी मुद्दाम आवाज बंद केला. तिने न विचारता ती ओळ टंकली, ऑर्का बोलू लागला, आणि ती म्हणाली, "सर, तुम्हीच बंद केला होता ना?"

दुकानदाराचे नव्या लॅपटॉपचे कोटेशन अजून मुख्याध्यापकांच्या खणात आहे.