शंका घेण्याची ऐपत

2025 च्या सप्टेंबरात बीडला रेल्वे आली आणि त्याच महिन्यात सिंदफणेच्या पुराने उभी पिकं नेली. पण वर्षभर सलत राहिलं ते एक वाक्य : ‘आपली माणसं भोळी, कशावरही विश्वास ठेवतात.’ हे म्हणताना फसवणाऱ्याचा अर्धा गुन्हा आपण फसलेल्याच्या माथी मारतो. म्हणूनच या अंकाचा विषय ‘विश्वास’ ठेवला आहे.

ऊसतोड बायांचंच पाहा. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहा जणींमागे एक! अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून गेलेल्या कित्येकींना ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं आणि त्यांनी ते मानलं. का मानलं? नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचं एक एकक. तिने अंग टाकलं की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशेबात चढतो. फडावर संडास नाही. पाळीतही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं तर एसटीचं भाडं, फी आणि बुडालेली मजुरी. त्या बाईला शंका घेणं परवडत नव्हतं.

काही शस्त्रक्रिया गरजेच्या असतीलच, असं कुणी म्हणेल. असतील, पण कुठली गरजेची, हे तपासायचं कुणी? खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचं बंधन आलं ते बोभाटा झाल्यावर. शिक्षणाने हे सुटेल, असंही म्हणतात. मग 2023 च्या अखेरीस ‘ज्ञानराधा मल्टिस्टेट’ या पतसंस्थेतून ठेवी मिळेनाशा झाल्या, तेव्हा शाखांपुढच्या गर्दीत शिकलेले, नोकरदार, व्यापारी का होते? शेजाऱ्याला वेळेवर व्याज मिळतंय, एवढा पुरावा शिकलेल्यालाही पुरतो. आधी विश्वास ठेवणं हा माणसाचा स्वभावच आहे. त्यावाचून ना उपचार चालतील, ना पतपेढ्या. प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट तपासावी, ही अपेक्षाच चूक आहे. म्हणून तर लेखापरीक्षक, निबंधक, शल्यचिकित्सक यांना पगार देऊन नेमलं आहे. त्यांनी डोळे मिटले की गरिबाचा विश्वास आंधळा ठरतो.

दिवाळी आटोपली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. निघण्याआधी आणि परतल्यावर प्रत्येक मजूर बाईची सरकारी तपासणी व्हावी, शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत फुकट मिळावं, खाड्याचा दंड बंद व्हावा. आपण वाचक मंडळी अहवाल वाचू शकतो, ग्रामसभेत प्रश्न विचारू शकतो. ज्यांना शंका परवडते, त्यांनी ती इतरांच्या वतीनेही घेतलीच पाहिजे.