गोविंदप्रभूंचे निदान करू नये

१/ मध्ययुगीन चरित्रे वाचणाऱ्या तरुण मित्रांत अलीकडे एक खेळ रूढ झाला आहे : जुन्या पुरुषांना नव्या निदानांच्या चौकटीत बसवणे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे गोविंदप्रभू स्वमग्न होते काय, असे मलाही विचारण्यात आले. हा प्रश्न आपण विचारू नये, असे माझे मत आहे.

२/ 'ऑटिझम' ही संज्ञा ब्लॉयलर यांच्या 1911 च्या ग्रंथातली, तीही प्रौढांच्या मनोविकाराच्या एका लक्षणासाठी. बालपणीची स्वतंत्र अवस्था म्हणून लिओ कॅनर यांनी ती 1943 मध्ये 11 मुलांच्या आधारे मांडली. म्हाइंभटांनी संकलित केलेले चरित्र ही तेराव्या शतकातील भक्तांची स्मृती आहे, रुग्णालयातील नोंदवही नव्हे. महानुभाव तर प्रभूंना पंचकृष्णांपैकी एक मानतात.

३/ त्या चरित्राला दुसरा प्रश्न मात्र अवश्य विचारावा : गाव त्यांच्याशी कसे वागले? लोक त्यांना वेडे म्हणतात आणि तेच लोक त्यांना मायबापही म्हणतात. ते कोणाच्याही घरात शिरतात, वाटेल ते मागतात, मध्येच रुसतात. गाव कुरकुरते, हसते आणि तरीही त्यांना आपले मानते. निदानाचा शब्द नसतानाही जागा देता येते, एवढे यातून निश्चित कळते.

४/ विसाव्या शतकाकडे शब्द होता; त्याने तो आईवर उगारला. आईच्या मायेतील थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, हे मत ब्रुनो बेटलहाइम यांच्या 1967 च्या पुस्तकाने घरोघरी पोहोचवले. वास्तविक, स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्येच या मताचे खंडन केले होते. पुढे 1977 मध्ये फोलस्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या अभ्यासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 11 पैकी 4 जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न आढळली. भिन्न जुळ्यांच्या 10 पैकी एकाही जोडीत नाही. आनुवंशिकतेचा हा पहिला भक्कम पुरावा होता.

५/ हा पुरावा माझ्या अकोल्याच्या आजोळी अजून पोहोचलेला नाही. मूल चार वर्षांचे होऊनही बोलत नाही म्हटल्यावर ओसरीवरचा पहिला शेरा आजही आईवरच येतो : तिने मोबाइल हातात दिला, तिचे लक्षच नाही. बेटलहाइम यांचे नाव कोणी ऐकलेले नसते. निवाडा मात्र त्यांचाच असतो.

६/ आपला कायदाही उशिरा जागा झाला. 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रवर्ग होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिला प्रथम स्थान दिले आणि अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाची तरतूद केली. 2016 च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानून समावेशक शिक्षण हे शासनाचे कर्तव्य ठरवले.

७/ 'आमच्यामागे याचे कसे होईल?' हा प्रत्येक पालकाचा प्रश्न. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी आपल्यापुरते त्याचे उत्तर दिले. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. अठराव्या वर्षी बालगृह सोडण्याचा नियम अशा मुलांना लावू नये, ही त्यांची जुनी मागणी. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांच्या घरातील एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली.

८/ आपण वऱ्हाडकर या बातमीने सुखावतो आणि तिथेच थांबतो. एका बाबांच्या अंगणात मावणारी मुले मोजकी असतात. जिल्ह्यातील उरलेल्या मुलांसाठी गावची शाळा आहे. तिथे प्रशिक्षित शिक्षक हवा, गोंगाटाने घाबरलेल्या मुलाला शांत बसायला एक कोपरा हवा आणि आईला दोष न देता तिचे ऐकून घेणारे कोणीतरी हवे. हे मागणे दयेचे नव्हे. 2016 पासून ते हक्काचे आहे.

९/ म्हणून मित्रहो, गोविंदप्रभूंना राहू द्या. आपण निदान करायचेच असेल, तर गावाचे करू या : रिद्धपूरने सातशे वर्षांपूर्वी एका वेगळ्या माणसाला जी जागा दिली, ती आज आपल्या वर्गात आहे काय?