देवीचा ‘जी’ स्मॉल का?

इंग्रजीत देव दोन प्रकारचे. एक कॅपिटल ‘जी’चा, दुसरा स्मॉल ‘जी’चा. एकच देव मानणाऱ्या धर्मांतला ‘गॉड’ कॅपिटल, कारण तिथे तो शब्द नावासारखाच वापरतात. अनेकांपैकी एक देव म्हटलं की स्मॉल. ‘लॉर्ड शिवा’ लिहिताना लॉर्ड कॅपिटल, कारण ती नावाआधीची पदवी; पण ‘द गॉड शिवा’ लिहिलं की गॉड स्मॉल!

आता वेरूळमध्ये राहून मुलींकडून इंग्रजीत ‘माझं गाव’ हा निबंध लिहून घेताना हे दर दोन ओळींनी आडवं येतं. इथे ३४ लेणी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. शेजारी घृष्णेश्वर, आणि चार-पाच किलोमीटरवर खुलताबादचे दर्गे. मग मुली विचारतातच, ‘बाई, त्यांचा देव मोठ्या अक्षराचा आणि आपला छोट्या का?’

प्रश्न साधा नाही. परक्या भाषेत आपला देव धाकटा ठरला, असं त्या वयात मनात बसलं तर बसलंच. म्हणून मी त्यांना सांगते, कॅपिटल म्हणजे मान नव्हे, कॅपिटल म्हणजे नाव. मानच असता तर इंग्रजीत ‘मी’साठीचा ‘आय’ कायम कॅपिटल कसा? आणि १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये देवासाठी आलेला ‘ही’ स्मॉल कसा? शिवा, बुद्धा, महावीरा, अल्ला ही नावं, म्हणून कॅपिटल. हिंदू, मुस्लिम, बुद्धिस्ट, जैन हेही कॅपिटल. गीता, कुराण, बायबल हेसुद्धा. टेंपल आणि केव्ह मात्र एरवी स्मॉल, कुणाचंही असो.

एवढं सगळं मला मान्य. माझं भांडण पुढे आहे. ‘देव बरं करेल’ असं आजी म्हणते, तेव्हा ती देवांच्या यादीतल्या एकाबद्दल बोलत नसते, ती हाक मारत असते. ते इंग्रजीत उतरवताना गॉड कॅपिटलच हवा. मग ती आजी घृष्णेश्वराला जाणारी असो की दर्ग्याला. आणि ती ‘देवी पावली’ म्हणाली तर? तिथे ‘गॉडेस’ बहुतेकदा स्मॉलच छापलेला दिसतो. का बरं? हाक तीच, भाव तोच. मग तिथेही कॅपिटल ‘जी’ हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या देवनागरीत ही भानगडच नाही. देव आणि देवी एकाच मापाच्या अक्षरांत. अर्थात, तेवढ्याने सगळं साधत नाही, हेही खरं. शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला व्हायला २०१६ साल उजाडावं लागलं.

तरीही गावाची साक्ष काढायची तर घृष्णेश्वराकडे बघा. घुश्मा नावाच्या शिवभक्त बाईची कथा या देवाशी जोडलेली, म्हणून त्याला घुश्मेश्वरही म्हणतात. त्याच्या देवळाचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार केला तो अहिल्याबाई होळकरांनी. एकविसाव्या, रामेश्वर लेण्यात तर सप्तमातृका ओळीने बसल्यात. मुलींना एक गृहपाठ द्या. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, चामुंडा ही नावं इंग्रजीत लिहायला सांगा. सातही कॅपिटल येतील, कुणाला विचारावं लागणार नाही.