पॅकेजचं नाव बदलू नका, सोर्स फोल्डर तपासा

कॉलेजच्या लॅबमध्ये जावाच्या प्रॅक्टिकलला हे हमखास घडतं. मैत्रिणीकडून आलेला ग्रंथालयाचा प्रोजेक्ट एक विद्यार्थिनी एक्लिप्समध्ये उघडते. तिकडे तो बिनतक्रार चालत होता. इथे प्रत्येक फाइलच्या पहिल्याच ओळीखाली लाल रेघ! ओळीत पॅकेज लिहिलंय ‘कॉम.ग्रंथालय.नोंद’, एक्लिप्सला हवंय ‘एसआरसी.कॉम.ग्रंथालय.नोंद’.

एक्लिप्स लगेच दोन उपाय सुचवतं: पॅकेजचं नाव बदला, नाहीतर फाइल हलवा. घाईत नाव बदललं जातं. रेघ जाते, दुखणं राहतं. कारण तीच फाइल मैत्रिणीकडे परत गेली की तिथे चूक उलट्या बाजूने उभी राहते.

पॅकेजच्या नावातलं प्रत्येक टिंब म्हणजे फोल्डरची एक पायरी. ‘कॉम’च्या आत ‘ग्रंथालय’, त्याच्या आत ‘नोंद’. या पायऱ्या जिथून मोजायच्या, ते सोर्स फोल्डर. ‘एसआरसी’ हे ते फोल्डर आहे, हे एक्लिप्सला सांगितलेलंच नसेल आणि प्रोजेक्टचं मूळ फोल्डरच सोर्स म्हणून लागलेलं असेल, तर मोजणी एक पायरी वरून सुरू होते. साध्या प्रोजेक्टमध्ये ही माहिती ‘डॉट क्लासपाथ’ नावाच्या छोट्या फाइलीत असते. प्रोजेक्ट गिटवर चढवताना अनेकदा नेमकी तीच वगळली जाते.

म्हणून हात लावायचा तो सेटिंगला. मूळ फोल्डर सोर्सच्या यादीतून काढायचं, ‘एसआरसी’वर राइट क्लिक करून ‘बिल्ड पाथ’मधलं ‘यूज ॲज सोर्स फोल्डर’ निवडायचं. इंटेलिजेमध्ये हेच काम ‘सोर्सेस रूट’ करतं. मेव्हनच्या प्रोजेक्टमध्ये मोजणी ‘एसआरसी’, ‘मेन’, ‘जावा’ या तीन फोल्डरांनंतर सुरू होते, हे मात्र विसरायचं नाही.

एवढी साधी गोष्ट मुलांना अडते, कारण पहिल्या दिवसापासून त्यांच्या हाती एक्लिप्स दिलं जातं आणि फोल्डर पडद्याआड राहतात. पहिलं प्रॅक्टिकल नोटपॅड आणि कमांड प्रॉम्प्टवरच व्हायला हवं. पॅकेजची ओळ असलेली एकच फाइल लिहावी, ‘जावासी’ला ‘डॅश डी’ लावून चालू फोल्डरचा पत्ता द्यावा आणि फोल्डर उघडून पाहावं. ‘कॉम’, त्यात ‘ग्रंथालय’, त्यात ‘नोंद’ ही उतरंड कंपायलरने स्वतःच रचलेली दिसते. मग तयार झालेली क्लास फाइल मुद्दाम एक पायरी वर आणून प्रोग्राम चालवावा. क्लास सापडत नाही म्हणून प्रोग्राम थांबतो, आणि तो का थांबला हे वर्गातली मुलंच सांगू लागतात.