शंभर टक्के, पण कितींपैकी?

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या चौकात फ्लेक्स चढतात. संस्थाचालकांचा फोटो मोठा, मुख्याध्यापकांचा मध्यम, पहिल्या तीन विद्यार्थ्यांचे पासपोर्टाएवढे, आणि वर 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम'. ज्या हायस्कुलाचा निकाल ऐंशीच्या आसपास रेंगाळला तिथे खुलाशाची नोटीस येते आणि पालक दाखले काढायला लागतात. ग्रामीण हायस्कूल चांगले की वाईट हे दहावीच्या टक्केवारीवरून कळते, ही समजूत या कौतुकामागेही आहे आणि त्या नोटिशीमागेही. ती चूक तर आहेच, शिवाय तिच्यापायी मुले शाळेबाहेर जातात.

आधी टक्केवारीच पाहू. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० झाला आणि २०२० मध्ये उडी मारून ९५.३० वर गेला. तीन वर्षांत महाराष्ट्रातले शिक्षक आधी बिघडले आणि मग सुधारले, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातचे वीस गुण काढून घेतले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. भाषेत हे वीसच्या वीस पदरात पडले, तर पस्तीस गाठायला लेखीत ऐंशीपैकी पंधरा पुरतात. नांदेडमध्ये २०१० च्या सुमारास तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीविरुद्ध कंबर कसली, तेव्हाही निकाल धाडकन खाली आला होता. शिकवणे तेच होते, फक्त चिठ्ठ्या बंद झाल्या होत्या.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र मान्य करायला हवे. २०१९ च्या कडक वर्षीही कोकण विभाग ८८.३८ टक्के मिळवून पहिलाच होता, म्हणजे आकडा अगदीच पोकळ नाही. पण त्या वर्षी तळाला नागपूर विभाग होता, ६७.२७ वर. दोघांतले अंतर एकवीस टक्क्यांचे. २०२५ मध्ये पुन्हा हेच दोन विभाग वर आणि खाली होते, ९८.८२ आणि ९०.७८. अंतर आठ. नागपूर विभागातल्या शाळांनी सहा वर्षांत एवढी मजल मारली असेल तर आनंदच आहे. माझा संशय वेगळा आहे: सैल परीक्षेने अंतर मिटवले नाही, झाकले.

खरी गोम छेदात आहे. दोन शाळा कल्पून पाहा. दोन्हींत आठवीला साठ मुले आली. पहिलीत दहावीच्या परीक्षेला अडतीस बसली आणि सगळी पास झाली: शंभर टक्के, फ्लेक्स, सत्कार. दुसरीत सत्तावन्न बसली, अठ्ठेचाळीस पास झाली: चौऱ्याऐंशी टक्के आणि खुलासा. आता आठवीच्या साठांपैकी मोजा. पहिलीने त्रेसष्ट टक्के मुले पार नेली, दुसरीने ऐंशी. तालुका सत्कार करतो पहिलीचा.

पहिल्या शाळेतली मधली बावीस मुले गेली कुठे, हे शिक्षकांना विचारावे लागत नाही. नववीच्या शेवटी कच्च्या मुलाच्या बापाला बोलावणे जाते. "पोरगं काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसू द्या." बाहेरून बसलेल्यांचा निकाल मंडळ वेगळा मोजते, त्यामुळे शाळेचे नाव स्वच्छ राहते. नववीतली गळती इतकी बोचली की २०१७ मध्ये शासनाने नववीच्या नापासांसाठी फेरपरीक्षा आणली. गाळण्यामागची हाव मात्र तशीच राहिली, कारण बक्षीस अजून टक्केवारीलाच आहे.

तेव्हा निकाल आठवीच्या पटावर मोजावा. यावर हमखास येणारा आक्षेप असा: मुले स्थलांतर करतात, मुलींची लग्ने होतात, त्यात शाळेचा काय दोष? जे मूल दुसऱ्या शाळेत गेले त्याची नोंद विद्यार्थी क्रमांकासह 'यू-डायस' या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीत सापडते, ते वजा करावे. जे कुठेच सापडत नाही ते वजा करू नये. दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन निघालेल्या आईबापांना "पोराला आजीपाशी ठेवा" म्हणून राजी करणारा शिक्षक बीडमध्ये आहे, आणि मुलींसाठी एसटीची वेळ बदलून घ्यायला आगारात खेटे घालणारी बाईही आहे. आजच्या मोजमापात या कामाला शून्य गुण आहेत. उलट त्यांनी टिकवलेले कच्चे मूल शाळेचा टक्का पाडते, म्हणजे त्यांना दंडच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नुसते टिकवून काय उपयोग, शिकली का? 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या सुमारे चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सफाईने वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जमले ४३.३ टक्क्यांना. हायस्कुलाचे मास्तर म्हणतात, "खालूनच कच्ची येतात," आणि बऱ्याचदा ते खरेही असते. पण मग आठवीत पाऊल टाकताच प्रत्येकाचे वाचन आणि भागाकार तपासून कागदावर घ्या, दहावीत पुन्हा तपासा. कच्चे घेऊन किती पक्के केले ते दिसेल, आणि खापर फोडायला जागा उरणार नाही. दहावीच्या आधी दोन महिने जादा तास लावून हे साधत नाही.

मुख्याध्यापकांवर एवढे ओझे टाकायचे, तर वरच्यांनाही तोच न्याय हवा. खेड्यात पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, पद जाते, गणिताचा तास मराठीचे सर घेतात, आणि जूनमध्ये गणितात मुले नापास झाल्याचा जाब शाळेला विचारला जातो. निकालपत्रकात शाळेच्या नावापुढे आठवीचा पट छापा, त्याच ओळीत गणित, विज्ञान आणि इंग्रजीची पदे किती महिने रिकामी होती तेही छापा. मग नोटीस कोणाच्या नावे काढायची, ते शिक्षणाधिकाऱ्यांनी ठरवावे.