नथीच्या बिलावर कारागिराचं नाव हवं

नाशिकच्या सराफ बाजारात मी नथी घडवतो. नथीचा बाक अस्सल मराठी, मोती मात्र बहुतेकदा जपानी तंत्राने वाढवलेला. पूर्वी आखातातून बसरा मोती यायचे. १८९३ मध्ये कोकिची मिकिमोटो यांनी जपानात शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला आणि पुढे सगळा बाजारच पालटला. मधलं माणिक मी कोंदणात बंद करत नाही, युरोपी पद्धतीच्या उघड्या नख्यांत धरतो. मागून उजेड शिरला की त्याचा रंग खुलतो.

मोती ओवताना तार जरा जास्त ताणली तर भोकाची कड उडते, सैल ठेवली तर मोती गरगर फिरतो. हा हात बसायला वर्षं जातात. पण दागिन्यावर त्याची खूण कुठेच नाही. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, आणि २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला तोही सक्तीचा नाही. कित्येक नथी त्याच वजनात बसतात.

सराफांनी निदान बिलावर तरी घडवणाऱ्याचं नाव लिहावं, मोती कुठला तेही लिहावं. बंगालमधून येऊन इथे पाटावर बसलेल्या कारागिरांचंही.